सिरिअल डिव्हाइस सर्व्हर

सिरिअल पोर्ट असलेली उपकरणे संगणकांच्या जाळ्याशी जोडणारा लहान इलेक्ट्रॉनीय संच. वीजमापक, वजनकाटे, प्रयोगशाळेतील विश्लेषक, यंत्रनियंत्रक इ. अनेक उपकरणे माहितीचे बिट एकामागून एक असे क्रमाने पाठवितात. ही उपकरणे दीर्घकाळ टिकतात. परंतु त्यांचा संगणक जवळच असावा लागतो. हे बंधन प्रस्तुत संचामुळे दूर होते. त्याच्या एका बाजूस एक वा अनेक सिरिअल पोर्ट व दुसऱ्या बाजूस बहुधा इथरनेट जोडणी असते. उपकरणाकडून आलेली अक्षरे तो पॅकेटांत भरून जाळ्यावर पाठवितो आणि उलट दिशेने आलेली अक्षरे पुन्हा तारेवर सोडतो.

सिरिअल जोडणी : अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशन या संघटनेने १९६० मध्ये आरएस-२३२ हे मानक प्रसिद्ध केले. त्यात +३ ते +१५ व्होल्ट दाब ० हा अंक, तर −३ ते −१५ व्होल्ट दाब १ हा अंक दर्शवितो. १९६९ च्या आरएस-२३२-सी या आवृत्तीत तारेची लांबी सु. १५ मी. पर्यंत ठेवण्याची शिफारस होती. १९८३ च्या आरएस-४८५ मानकात दोन तारांमधील दाबाच्या फरकाने संदेश वाहिला जातो. त्यामुळे सु. १,२०० मी. अंतर गाठता येते व एकाच जोडीवर ३२ प्रमाणित उपकरणे बसविता येतात.

जुळणी : प्रथम वेग, माहितीचे बिट, पॅरिटी, स्टॉप बिट व प्रवाहनियंत्रण ही मूल्ये उपकरणाच्या मूल्यांशी तंतोतंत जुळवावी लागतात. उदा., सेकंदास ९,६०० बिट वेग, ८ बिट, पॅरिटी नाही व १ स्टॉप बिट अशी योजना असल्यास प्रारंभीचा बिट धरून प्रत्येक अक्षरास १० बिट लागतात; म्हणून सेकंदास जास्तीत जास्त ९६० अक्षरे जातात. वेग चुकल्यास निरर्थक अक्षरे येतात. त्यानंतर संचास आयपी पत्ता देतात. संगणकाने संचास त्याच्या पत्त्यावरून गाठावयाचे असल्यास हा पत्ता स्थिर ठेवणे सोयीचे असते.

संपर्क कोणी सुरू करावयाचा, हेही ठरवावे लागते. सर्व्हर पद्धतीत संच संगणकाची वाट पाहतो, क्लायंट पद्धतीत तो स्वतः संगणकास गाठतो. आभासी पोर्ट पद्धतीत संगणकावरील चालक-प्रणाली दूरचा पोर्ट जवळचाच असल्याचे भासविते व जुना कार्यक्रम बदल न करता चालतो. वेग व नियंत्रणतारा जाळ्यावरून बदलण्याची रीत १९९७ च्या आरएफसी २२१७ या दस्तऐवजात दिली आहे.

काळ व खंड : संच अक्षरे वाहून नेतो, त्यांच्यामधील वेळ मात्र जशीच्या तशी राहत नाही. मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये प्रचारात आणलेल्या मॉडबस पद्धतीच्या आरटीयू प्रकारात किमान साडेतीन अक्षरांच्या काळाइतकी शांतता ही संदेशाच्या शेवटाची खूण असते. वरील वेगाला व ११ बिटांच्या अक्षराला हा काळ सु. ४ मिलिसेकंद होतो. संदेश दोन पॅकेटांत विभागला जाऊन मध्ये अधिक खंड पडल्यास तो अपुरा समजून टाकून दिला जातो. यासाठी पॅकेट कधी बंद करावयाचे, हे शांततेच्या कालावधीवरून, अक्षरसंख्येवरून किंवा अंत्यचिन्हावरून ठरवितात. मॉडबस टीसीपीमध्ये रूपांतर करणारा संच वापरल्यास ही अडचण टळते; कारण तेथे संदेशाची लांबी शीर्षभागातच दिलेली असते. जाळे मध्येच तुटले, तर संच जुना संपर्क चालू आहे असे समजून नवा नाकारू शकतो. म्हणून निष्क्रिय संपर्क तोडण्याची मुदत ठरवून ठेवतात.

सुरक्षितता : सिरिअल तारेपर्यंत पोहोचणाऱ्यासच उपकरणास आज्ञा देता येत असे, तारेची लांबी हेच कुंपण होते. उपकरण जाळ्यावर येताच हे कुंपण नाहीसे होते. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील वीजवितरण यंत्रणांवर झालेल्या हल्ल्यात सु. २,२५,००० ग्राहकांचा पुरवठा काही तास खंडित झाला. हल्लेखोरांनी उपकेंद्रांतील सिरिअल-इथरनेट परिवर्तकांची अंतर्गत प्रणाली बिघडविल्याने त्यांच्यामार्फत दूरून आज्ञा देणे अशक्य झाले आणि कर्मचाऱ्यांना उपकेंद्रांत जाऊन हाताने पुरवठा पूर्ववत करावा लागला. म्हणून निर्मात्याने दिलेला परवलीचा शब्द बदलणे, अनावश्यक सेवा बंद करणे, सांकेतिक संपर्क वापरणे व हा संच सार्वजनिक जाळ्यापासून अलग ठेवणे, ही जुळणीचीच अंगे मानावीत.