इंगळीचे औषध महाडला सापडले होते

मी सातवीत होतो. साल 1992. कोहिनूरला आमच्या घरी कडब्याची पेंढी ओढताना धाकट्या काकांना इंगळी डसली. आजी मराठीत ओरडली, गडी ‘चेळू, चेळू’ म्हणत धावला. उतारा करणारा मात्र दोन्ही भाषांचा एकच! तासाभराने ठणका कमी झाला, तसे सगळे निश्चिंत झाले. पण काकांचा घाम थांबेना, उलट्या होत राहिल्या, हातपाय गार पडले. पहाटे काका गेले.

पुढे एम.ए. करताना वाचनात आले, की यावरचे औषध त्याआधी सहा वर्षे छापून आले होते. तेही आपल्याच मराठवाड्यातल्या माणसाने शोधलेले. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाने तरणी माणसे, लेकरे दगावत. बावस्कर रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसत आणि नाडी, रक्तदाब, घाम, सगळे तासातासाला लिहून ठेवत. त्या नोंदींतून उलगडले, की या विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. ठणका थांबला म्हणजे विष उतरले असे नव्हे, धोका बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो. 1982 मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ने ही लक्षणे छापली. 1986 मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिनवरचा लेख आला. ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. पूर्वी शंभरातले तीस-चाळीस गंभीर रुग्ण जात, ते प्रमाण त्यांच्या नोंदींनुसार एकाच्या आसपास आले. (गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, घरच्या घरी नव्हे!)

आपल्या देशात ‘इमर्जन्सी मेडिसिन’ला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली 2009 मध्ये. म्हणजे विषयाला नाव मिळण्याआधीच खेड्यात त्याचे संशोधन झाले होते. पुढे त्यांनी विंचवाची प्रतिविष लसही पारखून पाहिली. 2011 मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या चाचणीत लस व प्राझोसिन मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवर 35 पैकी 8. पद्मश्री मिळाली ती 2022 मध्ये.

मला मात्र खुपते ते वेगळेच. लंडनला पोहोचलेली गोष्ट महाडहून कोहिनूरला पोहोचली नाही. आणि आमची गोष्ट तर कुठेच पोहोचत नाही. इथला रुग्ण कधी बसवकल्याणला जातो, कधी उमरग्याला, फारच झाले तर कलबुरगी नाहीतर सोलापूर. राज्य बदलले, की चिठ्ठी बदलते, भाषा बदलते. पुढे माणूस वाचला का, हे पहिल्या डॉक्टरला कळतच नाही. मग शिकायचे कशावरून? 2024 मध्ये कर्नाटकाने सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, हे चांगले झाले. पण सीमेपलीकडे नेलेला रुग्ण कोणाच्या वहीत लिहायचा?

यंदा उन्हाळी सुट्टीत मी विद्यार्थ्यांना घरोघरी पाठवले. दोन भाषांतला एक साधा तक्ता दिला: कधी डसले, काय डसले, कुठे नेले, किती वेळ लागला, पुढे काय झाले. आमच्या घरी आलेल्या मुलीला काकूंनी सगळे सांगितले, अगदी दिवेलागणीच्या वेळेपासून. ‘कुठे नेले’ या रकान्यात तिने लिहिले, ‘नेले नाही.’