रक्तातील दाह आणि यकृताच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया

आमचा एक माजी विद्यार्थी मध्यंतरी रक्ततपासणीचा कागद घेऊन घरी आला. वडिलांच्या यकृतातील कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढली होती. तो म्हणाला, "सर, हा ५ चा आकडा वाईट आहे म्हणतात. आता आशा नाही का?" अशा आकड्यांचा अर्थ आपल्या सभासद कुटुंबांस कळावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

यकृतास, म्हणजे आमच्या हैदराबादेतील बोलीत जिगरास, हा रोग बहुधा निरोगी अवस्थेत गाठत नाही. ब किंवा क प्रकारच्या काविळीचे विषाणू, मद्य, अथवा साठलेली चरबी यांमुळे वर्षानुवर्षे दाह होऊन यकृत कठीण बनते आणि त्यातून गाठ उपजते. गाठ काढली तरी उरलेले यकृत तेच असते. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत सुमारे ६० ते ७० टक्के रोग्यांत रोग पुन्हा उद्भवतो.

दाह व कर्करोग यांचा संबंध जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो याने १८६३ साली सुचविला होता. आज तो साध्या रक्ततपासणीत पाहता येतो. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल दाहाच्या वेळी वाढतात, आणि त्यांचे काही स्राव गाठीच्या वाढीस साह्य करतात. लिम्फोसाइट मात्र कर्करोगाच्या पेशींशी झुंजतात. पहिल्यांस दुसऱ्यांनी भागावे. न्यूट्रोफिल ६० टक्के व लिम्फोसाइट ३० टक्के असल्यास उत्तर २ येते. ७५ व १५ असल्यास ५. शस्त्रक्रियेपूर्वी हे गुणोत्तर जास्त असलेल्या रोग्यांत रोग उलटण्याचे प्रमाण अधिक, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे.

दुसरे चिन्ह सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन. ते १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांना सापडले. दर लिटरला १० मिलिग्रॅमहून अधिक असे हे प्रोटीन आणि ३५ ग्रॅमहून कमी अल्ब्युमिन, या दोन गोष्टींवरून ग्लासगो येथील डॉक्टरांनी एक गुणांकन बसविले आहे.

परंतु येथे सावध असावे. ही दोन्ही द्रव्ये यकृतच तयार करते. तेव्हा दुबळ्या यकृतात त्यांचे आकडे फसवे ठरू शकतात. साधा ताप, दाताचा पू किंवा स्टिरॉइड औषध यांनीही पेशींचे प्रमाण बदलते. वाईट कोणता आकडा, याविषयीही सर्व अभ्यासांत एकमत नाही. शिवाय गाठीचा आकार, तिची संख्या आणि रक्तवाहिन्यांतील शिरकाव यांचे महत्त्व मोठेच आहे. शंभर रोग्यांविषयी खरी असलेली गोष्ट एका रोग्याचे भविष्य ठरवीत नाही.

म्हणून आम्ही त्या मुलास सांगितले, "आकडा हा निकाल नव्हे, इशारा आहे. डॉक्टरांनी नेमून दिलेली एकही तपासणी चुकवू नकोस." नियमित चित्रतपासणीत रोग लहान असतानाच सापडला, तर पुन्हा उपचार करता येतात.

आणि घरातील मुलांस ब काविळीची लस अवश्य द्यावी. भारतात तयार झालेली या रोगावरील पहिली जनुकीय लस १९९७ साली आपल्याच हैदराबादेत, शांता बायोटेक्निक्स येथे सिद्ध झाली. दाहाचे मूळच त्यामुळे तुटते.