नऊला निघाले, नऊलाच पोहोचले!



गेल्या थंडीत आमच्या भागातले एक बागायतदार आणि त्यांच्या पत्नी विमानाची तिकिटे घेऊन माझ्याकडे आले. लेक स्वीडनमध्ये, तिचे बाळंतपण तोंडावर आलेले. "साहेब, फिनलंडच्या हेलसिंकीहून विमान सकाळी नऊला सुटतं आणि स्वीडनच्या स्टॉकहोमला नऊलाच उतरतं म्हणे! येताना मात्र नऊला सुटून अकराला पोहोचतं. तिकीट चुकलंय, रद्द करू का?"

रद्द केले असते तर पैसे गेले असतेच, आणि लेकीजवळ आई वेळेवर पोहोचली नसती. मी म्हटले, बसा. कागद-पेन्सिल घेऊ.

हेलसिंकीचा वांता विमानतळ आणि स्टॉकहोमचा आर्लांडा विमानतळ यांत हवाई अंतर सुमारे ४०० किलोमीटर. मध्ये बाल्टिक समुद्र. जेट विमान उंचावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास धावते. मग अर्ध्या तासात का पोहोचत नाही? आखूड पट्टी नांगरताना दोन्ही टोकांना बैल वळवण्यातच वेळ जातो ना? तसेच हे. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे धरून वेळापत्रकात सुमारे एक तास असतो. जाताना तेवढाच, येतानाही तेवढाच.

फरक आहे तो घड्याळांचा. फिनलंडचे घड्याळ स्वीडनच्या एक तास पुढे. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. म्हणून दोन्ही वेळा आधी आपल्या घड्याळात आणाव्यात. हिवाळ्यात फिनलंड आपल्या साडेतीन तास मागे, स्वीडन साडेचार तास मागे. हेलसिंकीचे नऊ म्हणजे आपले दुपारचे साडेबारा, स्टॉकहोमचे नऊ म्हणजे आपला दीड. झाला की नाही एक तास? परतताना स्टॉकहोमचे नऊ म्हणजे दीड, हेलसिंकीचे अकरा म्हणजे अडीच. पुन्हा एकच तास!

मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिकडची घड्याळे तासभर पुढे करतात. तेव्हा हे अंतर अडीच आणि साडेतीन तासांचे धरावे.

सूर्य मात्र घड्याळ पाहत नाही. पृथ्वीला एक रेखांश फिरायला चार मिनिटे लागतात. या दोन विमानतळांत सात रेखांशांचे अंतर, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने २८ मिनिटे. आपल्या मुंबई-नागपुरातही सहा रेखांशांहून थोडे जास्तच अंतर आहे, पण आपण देशभर एकच घड्याळ ठेवले. मग मुंबई-नागपूर सुमारे सातशे किलोमीटर आणि हे चारशेच कसे? संत्र्याची फोड मध्ये रुंद आणि टोकाकडे निमुळती असते. तसे उत्तरेकडे रेखांश जवळ येतात. तिकडे त्यांच्यातले अंतर विषुववृत्तावरच्या निम्मेच उरते.

आणखी एक ध्यानात ठेवा. भारतातून जाताना पारपत्राची तपासणी हेलसिंकीलाच होते. रांगेत वेळ जातो. म्हणून दोन विमानांच्या मध्ये पुरेसा वेळ आहे ना, हे तिकीट काढतानाच पाहावे.

मंडळी सुखरूप पोहोचली. एके दिवशी सकाळी साडेसहाला माझा फोन वाजला. "साहेब, नात झाली!" वहिनी म्हणाल्या. मग हसून पुढे, "इथं रात्रीचे दोन वाजलेत. हिशेब बरोबर ना?"

अगदी बरोबर!