व्यायामाची मात्रा कोणी ठरवावी?

आगामी वर्षाच्या अंदाजपत्रकात ‘व्यायाम मार्गदर्शक’ या नव्या पदाची तरतूद सुचविण्यात आली, तेव्हा काही देणगीदारांनी स्वाभाविकपणे विचारणा केली की, चालावयास पैसे कशाला लागतात? प्रश्न रास्त आहे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे; खर्चाच्या प्रत्येक रकमेसमोर काय मिळाले, हे विचारण्याची सवय आम्हांसही आहे. म्हणून या पदावर येणारी व्यक्ती विद्यापीठात नेमके काय शिकून येते आणि रुग्णाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, हे येथे थोडे विस्ताराने मांडीत आहोत.

हृदयाची शस्त्रक्रिया होऊन रुग्ण गावी जातो. घरची माणसे मायेची असतात. सून पाण्याचा तांब्याही हातात देते, मुलगा दारापर्यंत येऊ देत नाही, शेजारी येऊन ‘हलू नका’ असे बजावून जातात. छातीचे हाड जुळेपर्यंत जड वजन उचलण्यास मनाई असते, ही गोष्ट खरी. परंतु घरी पोहोचेपर्यंत त्या एका मनाईची शंभर होतात. फेरतपासणीस आलेला रुग्ण जिन्याच्या चार पायऱ्यांवर धापा टाकू लागला की नातेवाईक म्हणतात, ‘ऑपरेशन नीट झाले नाही का?’ ऑपरेशन नीट झालेले असते. बिघडलेली असते ती विश्रांतीची मात्रा.

पडून राहण्याने किती नुकसान होते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे झाला. वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. आधी व नंतर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मोजली, तेव्हा ती चतुर्थांशाहून अधिक घटलेली आढळली. पुढे दोन महिन्यांच्या शिस्तबद्ध व्यायामाने ती भरून आली. खरी चकित करणारी बाब तीस वर्षांनी समोर आली. त्याच पाच जणांना पन्नाशीत पुन्हा तपासले असता दिसले की, तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांच्या क्षमतेची जेवढी हानी झाली, त्याहून अधिक हानी तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांनी केली होती. हे झाले धडधाकट तरुणांचे. साठी उलटलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाने दीड-दोन महिने खाटेवर काढले तर काय होत असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

मग रुग्णाला ‘भरपूर चाला’ एवढे सांगून भागेल काय? भागत नाही. औषधाच्या चिठ्ठीवर गोळीचे नाव, वजन, वेळ व दिवस लिहिलेले असतात. व्यायामालाही तसेच प्रकार, जोर, अवधी आणि वारंवारता असते, आणि ती ठरविण्याचे शास्त्र आहे. व्यायामशास्त्राच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी शरीररचना व शरीरक्रिया शिकतो, स्नायू व सांधे यांचे गतिशास्त्र शिकतो, आहार, मानसशास्त्र, मापन व संख्याशास्त्र शिकतो. सहा मिनिटांत सपाट जागेवर रुग्ण किती मीटर चालतो, या साध्या चाचणीवरून त्याची कुवत जोखावयास तो शिकतो. श्रम किती वाटतात हे रुग्णालाच सहा ते वीस या अंकांत सांगावयास लावणारी एक मोजपट्टी स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी तयार केली. नाडीचा वेग कमी करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत नुसती नाडी मोजून फसगत होते, तेथे ही पट्टी फार उपयोगी पडते. त्याहूनही सोपी कसोटी म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा जोर. ही कसोटी नातेवाइकांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

ही विद्या आपल्याकडे परकी आहे, असे कोणी समजू नये. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून कार्यरत आहे. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली होती. मंडळाचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय विदर्भातील कित्येक शिक्षकांचे माहेर आहे. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि आसने व प्राणायाम यांचे शरीरावरील परिणाम क्ष-किरण व प्रयोगशाळेतील उपकरणे यांच्या साहाय्याने तपासण्यास आरंभ केला. केवळ श्रद्धेवर न थांबता मोजून पाहावे, ही वृत्ती महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच रुजली होती. पुढे १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था निघाली. परंतु या सर्व परंपरेचा ओघ शाळेच्या मैदानाकडे राहिला. रुग्णालयाच्या दाराशी तो क्वचितच आला.

त्यामुळे पालकांचा आणि विद्यार्थ्यांचा आजही गोंधळ होतो. रुग्णालयात येणारे काही जण आपल्या मुलामुलींसाठी आमच्याकडे चौकशी करतात, म्हणून भेद स्पष्ट करतो. फिजिओथेरपी ही आरोग्यविज्ञानाची पदवी होय. आपल्या राज्यात तिचे शिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येते, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने त्या व्यवसायास राष्ट्रीय आयोगाची चौकट लाभली आहे. पक्षाघात, अस्थिभंग, गुडघ्याची शस्त्रक्रिया यांवरील उपचार हे त्यांचेच क्षेत्र. बी.पी.एड. ही शिक्षक घडविणारी पदवी. २०१४ च्या नियमावलीने तिचा कालावधी दोन वर्षांचा झाला. व्यायामशास्त्र व आरोग्यसंवर्धन यांचे क्षेत्र या दोहोंच्या मध्ये पडते: उपचार संपल्यावर आणि आजार होण्याआधी. ऑस्ट्रेलियात या विषयाची चार वर्षांची पदवी घेतलेल्या मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडे डॉक्टर चिठ्ठी देऊन रुग्ण पाठवितात, आणि दीर्घकालीन आजारांत काही ठरावीक भेटींचा भार तेथील सरकारी मेडिकेअर योजना उचलते. आपल्याकडे अशी व्यवस्था नाही. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यापुढे बहुधा शाळा, जिम किंवा पोलीस भरतीचे वर्ग एवढेच पर्याय असतात. काही आठवड्यांचे प्रमाणपत्र घेतलेल्या जिममधील प्रशिक्षकाच्या हाती हृदयरुग्ण सोपविणे आम्हांस मुळीच प्रशस्त वाटत नाही, हेही येथे नोंदवितो.

आरोग्यसंवर्धन या दुसऱ्या शब्दाविषयी थोडेसे. १९५३ साली डॉ. जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिन्यावरून सतत चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. आपल्या देशातील पुरावा अधिक नजीकचा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींवर चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार व व्यायाम यांत बदल करविलेल्या गटात मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला, तर केवळ मेटफॉर्मिनच्या गोळीने सुमारे २६ टक्क्यांनी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने देशातील मधुमेही १० कोटींवर व उंबरठ्यावरील लोक १३ कोटींवर असल्याचे दाखविले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांचे मध्यम श्रम सांगते. २०२४ साली प्रकाशित जागतिक आकडेवारीनुसार भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ एवढेही श्रम करीत नाहीत, आणि स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून वाईट आहे. ‘घरकाम हाच आमचा व्यायाम’ असे भगिनी सांगतात. ते श्रम आहेतच, पण त्यांत स्वतःसाठी काढलेला अर्धा तास सहसा नसतो.

आणि तो अर्धा तास काढावयाचा कोठे? धंतोलीतील गल्ल्यांत रुग्णालये दाटीने उभी आहेत. पदपथावर दुचाकी, त्यापुढे मोटारी, त्यांतून वाट काढणारी रुग्णवाहिका. ज्या वस्तीत डॉक्टर दिवसातून पन्नास वेळा ‘चाला’ म्हणून सांगतात, तेथे चालावयास जागा शोधावी लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा सकाळी सातनंतर रुग्णाला बाहेर धाडणे धोक्याचे. म्हणूनच मार्गदर्शकाचे काम माहितीपत्रक वाटण्याने संपत नाही. रुग्णाचे घर कोठे, अंगण आहे की दोन खोल्या, शेताचा बांध किती दूर, सोबतीला कोण, गुडघे कसे, हे विचारून त्याला त्या घरातील व्यायाम बसवून द्यावा लागतो. आपल्या विद्यापीठास ज्यांचे नाव आहे, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्राम-आरोग्यास स्वतंत्र अध्याय दिला आहे. खेड्याचे आरोग्य खेड्यातच घडवावे लागते, हे आपल्या भागास नवे नाही.

प्रस्तावित पदावरील व्यक्ती डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीवाचून कोणत्याही रुग्णास व्यायाम देणार नाही, आणि फिजिओथेरपी विभागाच्या देखरेखीखाली काम करील. घरी सोडण्याच्या दिवशी रुग्णासोबत निदान एका नातेवाइकाने अर्धा तास थांबावे, अशी अपेक्षा राहील. सूचना मराठीत व मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या जातील, आणि पहिले बारा आठवडे दर पंधरवड्यास दूरध्वनीवरून विचारपूस होईल. या सेवेचे शुल्क रुग्णाकडून घेऊ नये, अशी आमची शिफारस आहे, कारण शुल्क लागले की सर्वप्रथम हीच सेवा नाकारली जाते. शस्त्रक्रियेसाठी दागिने मोडणारी कुटुंबेही चालणे शिकण्यासाठी पैसे देत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. या कार्यासाठी येणाऱ्या देणग्या सर्वसाधारण निधीत न मिसळता ‘पुनर्वसन व आरोग्यसंवर्धन’ या स्वतंत्र शीर्षाखाली जमा होतील. पुढील अहवालात त्या शीर्षाच्या जमाखर्चासोबत रुग्णांनी शस्त्रक्रियेनंतर घरी जाताना व बारा आठवड्यांनी सहा मिनिटांत किती मीटर चालून दाखविले, याचा तक्ता जोडण्यात येईल.