टॅबलेटवरून मोहोरबंद ई-मेल

एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये मजकूर पाठवणाऱ्याच्या यंत्रावरच कूटबद्ध होतो आणि ज्याच्यासाठी लिहिला त्याच्याच यंत्रावर उलगडतो. मधला कोणताही सर्व्हर तो वाचू शकत नाही. नेहमीच्या ई-मेलचे तसे नसते. टॅबलेटपासून सर्व्हरपर्यंतचा आणि पुढे सर्व्हर ते सर्व्हर असा प्रवास आज बहुधा टीएलएस पद्धतीने सुरक्षित असतो; पण मुक्कामी पोचल्यावर पत्र ई-मेल कंपनीला वाचता येईल अशाच रूपात साठते. खात्याचा पासवर्ड चोरीला गेला, की जुना-नवा सगळा पत्रव्यवहार चोराच्या हाती पडतो. जीमेलच्या ‘कॉन्फिडेन्शियल मोड’नेही यात फरक पडत नाही.

सोलापुरात हा प्रश्न थेट धंद्याशी जोडलेला आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे आणि इथले टॉवेल परदेशातही जातात. नमुन्याचे डिझाइन, दर, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, बँक खात्याचा तपशील हे सारे ई-मेलनेच जाते. निर्यातदारांना फसवण्याची जगभर चाललेली एक रीत अशी: चोर कारखानदाराच्या किंवा ग्राहकाच्या खात्यात शिरून महिनोन्‌महिने पत्रे नुसती वाचत राहतो. बिल चुकते होण्याच्या वेळी एखादेच अक्षर बदललेल्या पत्त्यावरून तो कळवतो, ‘आमचे बँक खाते बदलले आहे.’ परदेशी खात्यात एकदा गेलेली रक्कम परत मिळवणे फार अवघड असते. म्हणून व्यापाऱ्याला गुप्तता तर हवीच; पण पत्र खरोखर त्याच माणसाचे आहे याची खात्री त्याहूनही अधिक हवी. एन्क्रिप्शनची साधने दोन्ही गोष्टी देतात.

किल्ल्यांची जोडी

या साऱ्याच्या मुळाशी १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी मांडलेली कल्पना आहे. प्रत्येकाकडे दोन किल्ल्या असतात. सार्वजनिक किल्ली कोणालाही द्यावी. खासगी किल्ली स्वतःजवळच ठेवावी. सार्वजनिक किल्लीने कूटबद्ध केलेला मजकूर फक्त तिच्या जोडीच्या खासगी किल्लीने उघडतो. सहीचा क्रम याच्या उलट असतो: सही खासगी किल्लीने होते आणि सार्वजनिक किल्लीने ती कोणालाही पडताळता येते. सही झाल्यावर मजकुरातला एखादा आकडा जरी बदलला, तरी पडताळणी फसते. फिल झिमरमन यांनी १९९१ साली ‘पीजीपी’ हा प्रोग्रॅम काढून हे तंत्र सामान्य संगणकावर आणले. त्यातूनच पुढे ‘ओपनपीजीपी’ हे खुले मानक तयार झाले.

अँड्रॉइड टॅबलेटवर

अँड्रॉइडवर दोन मोफत अ‍ॅप लागतात: पत्रांसाठी ‘थंडरबर्ड’ आणि किल्ल्या सांभाळण्यासाठी ‘ओपनकीचेन’. आधी ओपनकीचेनमध्ये नाव आणि ई-मेल पत्ता देऊन किल्ल्यांची जोडी बनवावी. खासगी किल्लीला लांब पासफ्रेज लावावा आणि तिची बॅकअप प्रत टॅबलेटबाहेर, कुलुपात ठेवावी. मग थंडरबर्डच्या खाते-सेटिंगमधील एंड-टू-एंड एन्क्रिप्शनच्या विभागात ही किल्ली निवडावी. ग्राहकाने पाठवलेली सार्वजनिक किल्ली ओपनकीचेनमध्ये घेतली, की पत्र लिहिताना एन्क्रिप्शन चालू करता येते. ओपनपीजीपीच्या प्रचलित रचनेत जोडलेली फाइलही मजकुराबरोबरच कूटबद्ध होते.

आयपॅडवर आणि इतर मार्गांनी

आयपॅडच्या मूळ मेल अ‍ॅपमध्ये ‘एस-माइम’ या दुसऱ्या मानकाची सोय आहे. त्यासाठी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून ई-मेलचे प्रमाणपत्र घेऊन आयपॅडवर बसवावे लागते. नंतर खात्याच्या प्रगत सेटिंगमध्ये सही आणि एन्क्रिप्शन चालू करायचे. समोरच्याचे प्रमाणपत्र त्याच्या सही केलेल्या पत्रातून मिळते.

हा खटाटोप नको असेल, तर स्वित्झर्लंडची ‘प्रोटॉन मेल’ किंवा जर्मनीची ‘टूटा’ अशा सेवा आहेत. एकाच सेवेच्या दोन खातेदारांमधली पत्रे आपोआप कूटबद्ध होतात. बाहेरच्या पत्त्यावर पत्र पाठवताना त्याला पासवर्ड लावता येतो. तो पासवर्ड मात्र ई-मेलने न पाठवता फोनवर सांगावा.

पडताळणी: खरी मेख इथेच

चोर ग्राहकाच्या नावाने स्वतःचीच सार्वजनिक किल्ली पाठवू शकतो. असे झाले, तर सगळे एन्क्रिप्शन बिनचूक चालते, फक्त पत्रे चोरासाठी कूटबद्ध होतात. यावर उपाय म्हणून प्रत्येक किल्लीला ‘फिंगरप्रिंट’ असतो. ओपनपीजीपीच्या सर्वाधिक वापरातल्या किल्ल्यांमध्ये तो ४० अंकाक्षरांचा असतो. आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर ग्राहकाला फोन करावा आणि दोघांनी तो वाचून ताडून पाहावा. नंबर त्याच ई-मेलमधून घेऊ नये. हे काम एका ग्राहकासाठी एकदाच करावे लागते. त्यानंतर खाते बदलल्याचे पत्र आले आणि त्यावर त्या किल्लीची सही नसेल, तर पैसे थांबवून फोन करावा, असा नियम दोन्हीकडे हिशेब पाहणाऱ्या प्रत्येकाला घालून द्यावा. ही शिस्त नसेल, तर कोणतेही अ‍ॅप पैसे वाचवू शकणार नाही.

जे झाकले जात नाही

पत्र कोणी, कोणाला, कधी पाठवले हे सर्व्हरला दिसतेच. ओपनपीजीपी आणि एस-माइममध्ये विषयाची ओळही बहुधा उघडीच राहते. म्हणून तिथे दर किंवा रक्कम लिहू नये. टॅबलेटमध्येच हेरगिरीचे सॉफ्टवेअर शिरले असेल, तर ते पडद्यावरचा उलगडलेला मजकूर वाचते. स्क्रीन लॉक, वेळच्या वेळी अपडेट आणि अधिकृत स्टोअरमधलीच अ‍ॅप ही तिथली संरक्षणे. खासगी किल्ली चोराला मिळाली आणि पासफ्रेजही कळला, तर हाती लागलेली जुनी पत्रेसुद्धा तो उघडू शकतो. टॅबलेट हरवला, तर बॅकअपवरून ती किल्ली रद्द करून तसे सर्व ग्राहकांना कळवावे. पासफ्रेज विसरला, किंवा किल्ली गेली आणि तिची प्रतही नसेल, तर कूटबद्ध पत्रे कायमची बंद होतात.

कायद्याची चौकट

भारतात सामान्य माणसाने ई-मेल कूटबद्ध करणे हा गुन्हा नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. मात्र माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९ नुसार देशाची सुरक्षा, गुन्ह्याचा तपास अशा कारणांसाठी सरकार मजकूर उलगडून देण्याचा आदेश देऊ शकते. त्याला सहकार्य न केल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पीजीपीची सही दोघांमधल्या खात्रीला पुरते. ई-निविदेसारख्या कामांना परवानाधारक संस्थेचे डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेटच लागते. आणि एवढे करूनही फसवणूक झालीच, तर बँकेला ताबडतोब कळवून १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांतच रक्कम गोठवली जाण्याची आशा सर्वाधिक असते.