स्मार्टफोनची तुलना : खोक्यावर न छापलेले आकडे

स्मार्टफोनची सुरक्षितता तीन गोष्टींवर अवलंबून असते : आतली चिप, तिच्यावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम आणि दोष सापडल्यानंतर तो बुजवणारे अपडेट. पहिल्या दोन बाबतींत आघाडीच्या कंपन्यांमधले अंतर गेल्या दहा वर्षांत बरेच कमी झाले आहे. तिसऱ्या बाबतीत ते अजूनही मोठे आहे आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख सर्वांत कमी असतो.

ॲपलने २०१३ साली आयफोन ५एसच्या चिपमध्ये ‘सिक्युअर एन्क्लेव्ह’ हा स्वतंत्र प्रोसेसर बसवला. बोटाच्या ठशाची गणिती नोंद त्याच्या ताब्यात असते. मुख्य प्रोसेसरला ती वाचता येत नाही. ठसा जुळला की नाही, एवढेच उत्तर त्याला मिळते. पासकोड वारंवार चुकला की पुढच्या प्रयत्नाआधी थांबायला लावणारा पहारेकरीही हाच. सॅमसंगने त्याच वर्षी ‘नॉक्स’ ही सुरक्षा व्यवस्था जाहीर केली. गूगलने २०१८ साली पिक्सेल ३मध्ये ‘टायटन एम’ ही वेगळी सुरक्षा चिप आणली. महागड्या फोनांपुरते बोलायचे, तर या आघाडीवर कोणी फार मागे नाही.

चेहरा दाखवून फोन उघडण्याच्या सोयीत मात्र फरक आहे. २०१७च्या आयफोन एक्सपासून ॲपल चेहऱ्यावर तीस हजारांहून अधिक अदृश्य अवरक्त ठिपके टाकून त्याच्या उंच-सखलपणाचा नकाशा घेते. अनोळखी माणसाच्या चेहऱ्याने फोन उघडण्याची शक्यता दहा लाखांत एक असल्याचे कंपनी सांगते. बहुतेक अँड्रॉइड फोन पुढच्या कॅमेऱ्याने साधे सपाट छायाचित्र घेतात. अँड्रॉइडच्या नियमांत ही पद्धत खालच्या श्रेणीत मोडते आणि बँकेच्या ॲपला तिच्यावर विसंबता येत नाही. पिक्सेल ८ हा अपवाद. ठशाच्या सेन्सरचेही सगळे आलबेल नसते : सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१०वर काही सिलिकॉन आवरणे लावली, तर कोणाच्याही बोटाने फोन उघडत असल्याचे २०१९मध्ये उघड झाले. कंपनीला घाईने दुरुस्ती पाठवावी लागली.

अपडेटचा प्रश्न २०१५ साली ‘स्टेजफ्राइट’ दोषाने ऐरणीवर आला. अँड्रॉइडच्या व्हिडिओ हाताळणाऱ्या भागातल्या या दोषामुळे केवळ एक मल्टिमीडिया संदेश पाठवून फोनचा ताबा घेणे शक्य होते. गूगलकडे दुरुस्ती तयार होती. पण ती चिप बनवणारा, फोन बनवणारा आणि काही देशांत मोबाइल सेवा देणारी कंपनी अशा हातांतून फिरत ग्राहकापर्यंत जायची. अनेकांपर्यंत ती गेलीच नाही. त्यानंतर गूगलने दरमहा सुरक्षा पत्रक काढायला सुरुवात केली आणि २०१७मध्ये ‘प्रोजेक्ट ट्रेबल’द्वारे अँड्रॉइडची रचना अशी बदलली, की चिपशी निगडित भागाला हात न लावता बाकीची सिस्टीम बदलता यावी. ॲपलपुढे ही अडचण कधी नव्हतीच. चिप, फोन आणि सिस्टीम तिघांचा मालक एकच असल्याने दुरुस्ती सर्व फोनांना एकाच दिवशी मिळते. २०१३च्या आयफोन ५एसला २०२३च्या जानेवारीतही सुरक्षा अपडेट आले होते.

अँड्रॉइडच्या बाजूने खरी कलाटणी मिळाली ती पिक्सेल ८मुळे. ऑक्टोबर २०२३मध्ये गूगलने या फोनला सात वर्षे अपडेट देण्याचे वचन दिले. तीनच महिन्यांनी सॅमसंगने गॅलेक्सी एस२४साठी तेच केले आणि पुढे गॅलेक्सी ए१६सारख्या स्वस्त फोनला सहा वर्षे दिली. ही वर्षे फोन बाजारात आल्यापासून मोजली जातात, ग्राहकाने घेतल्यापासून नव्हे. दिवाळीच्या सेलमध्ये घसघशीत सवलतीत मिळणाऱ्या दोन वर्षे जुन्या मॉडेलची तेवढी वर्षे आधीच संपलेली असतात. अपडेट थांबले, तरी फोन बंद पडत नाही, म्हणून धोका जाणवत नाही. पण दर महिन्याच्या पत्रकात नव्या दोषांची यादी जाहीर होत राहते आणि जुन्या फोनसाठी ती यादी हल्लेखोराच्या सोयीची ठरते.

अभेद्य फोन कोणाचाच नाही. ‘पेगासस’ हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर आयमेसेजमधून, वापरणाऱ्याने कशालाही स्पर्श न करता, आयफोनमध्ये शिरत असल्याचे २०२१मध्ये कॅनडाच्या सिटिझन लॅबने दाखवले. पुढच्या वर्षी ॲपलने अशा हल्ल्यांची भीती असलेल्यांसाठी ‘लॉकडाउन मोड’ आणला. हे हल्ले अतिशय खर्चिक असतात आणि निवडक माणसांवरच होतात. सामान्य भारतीयाचे पैसे जातात ते लग्नपत्रिका, ई-चलन किंवा बँकेची केवायसी अशा नावांनी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाइलमुळे. अँड्रॉइड ती फाइल इशारा देऊन का होईना, अनेकदा बसवू देतो. आयफोनवर एपीके चालतच नाही. सर्वसाधारण ग्राहकासाठी दोन्हींतला सर्वांत ठळक सुरक्षाभेद हाच म्हणावा लागेल.

कामगिरीच्या बाबतीत बेंचमार्क चाचण्यांचे आकडे तोंडावर फेकले जातात. या आकड्यांचा इतिहास काही फार अभिमानास्पद नाही. चाचणीचे ॲप ओळखून सॅमसंगचा गॅलेक्सी एस४ जास्त वेगाने धावत असल्याचे २०१३मध्ये आनंदटेक या संकेतस्थळाने पकडले. २०२१मध्ये वनप्लस ९ याच्या उलट वागताना सापडला : लोकप्रिय ॲप्सना वेगवान कोअरपासून दूर ठेवायचे आणि चाचणीला मात्र मोकळे रान द्यायचे. पुढच्या वर्षी सॅमसंगच्या ‘गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस’बद्दल तसाच गदारोळ झाला. गीकबेंच या चाचणी ॲपने या कंपन्यांचे संबंधित फोन आपल्या यादीतून काढून टाकले. ॲपलनेही २०१७मध्ये जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग आपण कमी करत असल्याची कबुली दिली. फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे केले, असे तिचे म्हणणे होते आणि तांत्रिकदृष्ट्या ते पटण्यासारखे होते. पण ग्राहकाला न सांगता केल्यामुळे अमेरिकेतल्या खटल्यात कंपनीने ५० कोटी डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे २०२०मध्ये मान्य केले.

चाचणी प्रामाणिक असली, तरी ती काही मिनिटांची असते. चिपची वारंवारता वाढवायची, तर व्होल्टेजही वाढवावे लागते आणि वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. त्यामुळे वेगाचे शेवटचे दहा टक्के मिळवताना उष्णता त्याहून कितीतरी अधिक वाढते. सर्वसाधारण फोनमध्ये पंखा नसतो. तापला की तो वेग उतरवतो. विदर्भातल्या मे महिन्यात हे आणखी लवकर घडणार. म्हणून सर्वोच्च आकड्यापेक्षा वीस-तीस मिनिटांनंतर टिकलेला वेग पाहणे शहाणपणाचे. एकाच नावाच्या फोनमध्ये देशागणिक चिप वेगळी असू शकते, हा आणखी एक गोंधळ. गॅलेक्सी एस२४ अमेरिकेत स्नॅपड्रॅगन ८ जेन ३वर, तर भारतात एक्सिनॉस २४००वर विकला गेला. अमेरिकी समीक्षकाचे निष्कर्ष भारतीय ग्राहकाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत ते यामुळे. पिक्सेलची ‘टेन्सर’ चिप आकड्यांत या दोघींच्याही मागे पडते. गूगलचा भर छायाचित्र आणि आवाजावरील प्रक्रियेवर आहे. गेम खेळणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

किमतीचा हिशेब वर्षांनी भागूनच करावा लागतो. पंधरा हजारांच्या फोनचे अपडेट तीन वर्षांत थांबले, तर तो वर्षाला ५,००० रुपयांना पडतो. सत्तर हजारांचा सात वर्षे वापरला, तरी १०,००० पडतातच, शिवाय मध्ये बॅटरी बदलण्याचा खर्च. ॲपलच्या सांगण्यानुसार आयफोन १४पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्जनंतर आणि १५च्या १,००० चार्जनंतर ८० टक्के क्षमता राखतात. आयफोन विकताना इतरांपेक्षा चांगली किंमत येते, हे खरे. पण ती वजा केली, तरी तो स्वस्त ठरत नाही. दुसऱ्या टोकाला शाओमीने २०१८मध्ये हार्डवेअरवर पाच टक्क्यांहून अधिक निव्वळ नफा न घेण्याचे जाहीर केले होते. उरलेली कमाई इंटरनेट सेवांतून होते आणि फोनमधल्या जाहिराती हा तिचाच भाग.

वर्षाच्या हिशेबात गॅलेक्सी ए१६सारखा फोन सर्वांत स्वस्त निघतो, मात्र त्याची साधी चिप सहाव्या वर्षी सुरक्षित असूनही रडकुंडीला आणील. अपडेटची वर्षे आणि चिपची ताकद यांचा मेळ आज बसतो तो तीस-चाळीस हजारांच्या आसपास किंवा आदल्या वर्षीच्या महागड्या मॉडेलमध्ये. घेण्यापूर्वी दुकानदाराला दोन गोष्टी विचाराव्यात : चिपचे पूर्ण नाव आणि सुरक्षा अपडेट संपण्याची तारीख. दुसरीचे उत्तर मिळाले नाही, तर तो फोन घेऊ नये.