मोटारीच्या टायरची रुंदी व रस्त्यावरील पकड

खेड, मावळ व हवेली या तालुक्यांतील पुष्कळ शेतकरी बंधूंच्या दारीं आतां मोटार किंवा पिकअप गाडी उभी असते. टायर झिजले म्हणजे कित्येकजण मूळ मापाहून रुंद टायर बसवितात. त्यानें गाडी रस्ता घट्ट धरते, अशी त्यांची समजूत असते. ती कितपत खरी आहे, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

बैलगाडीच्या लोखंडी धावेचें अरुंद चाक ओल्या काळ्या रानांत रुततें. रबरी टायरचें तितकें रुतत नाहीं, कारण तोच भार अधिक जागेवर पसरतो. परंतु डांबरी सडकेवर हा न्याय जसाच्या तसा लागू पडत नाहीं. टायरचा जमिनीस टेकणारा ठसा मुख्यत्वें भार व हवेचा दाब यांवर ठरतो. चाकावर २५० किलो भार व दर चौरस सेंटिमीटरास २ किलो दाब असल्यास ठसा अदमासें १२५ चौरस सेंटिमीटरांचा होतो. टायर रुंद केला व दाब तोच ठेवला, तर ठसा फारसा वाढत नाहीं. तो रुंदीस वाढून लांबीस आंखूड होतो.

अशा ठशाचा लाभ कोरड्या रस्त्याच्या वळणावर मिळतो; गाडी स्टिअरिंगचें तत्काळ ऐकते. मात्र स्टिअरिंग जड होतें.

खरा धोका पावसाळ्यांत आहे. रुंद टायरास अधिक पाणी बाजूस सारावें लागतें. वेग अधिक व खांचा झिजलेल्या असल्या, म्हणजे टायरखालीं पाण्याचा थर राहून गाडी त्यावर तरंगते. मग ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी होतात. चाकण-तळेगांव रस्त्यासारख्या जड वाहतुकीच्या मार्गावर पुढें मालमोटार थांबलेली असली, तर गाडींतील मुलांमाणसांवर कोणता प्रसंग येईल, हें सांगावयास नको.

मापाचा मेळहि पाहावा. चाकण येथें इ. स. २००९ पासून २०२२ पर्यंत तयार झालेल्या पोलो मोटारीस १७५/७० आर १४ व १८५/६० आर १५ अशीं मापें असत. पहिला आंकडा रुंदीचा, मिलिमीटरांत. दुसरा टायरच्या उंचीचें रुंदीशीं शेंकडा प्रमाण. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. हिशेब केल्यास दोन्ही चाकांचा व्यास सुमारें ६० सेंटिमीटर येतो. हा मेळ न राखल्यास वेगाचा कांटा चुकतो व टायर गाडीस घासण्याचा संभव असतो.

तात्पर्य, गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलेंच माप घ्यावें. महिन्यांतून एकदां, टायर थंड असतां, हवा तपासावी. मोटारीच्या टायरची खांच १.६ मिलिमीटरांहून कमी झाली कीं तो कायद्यानें बाद ठरतो. आमच्या मतें मृगापूर्वींच खांचा पाहून, त्या उथळ झाल्या असल्यास टायर बदलावा. रुंदीपेक्षां खोल खांचांवर केलेला खर्च अधिक सार्थकीं लागतो.